जनुकांचा वाहक आणि साखरखेर्ड्याचा रुग्ण

कर्करोगावर जनुकोपचाराने मात करता येईल, ही आशा आता नवी राहिलेली नाही. ज्या जनुकाच्या बिघाडामुळे पेशी बेबंद वाढू लागते, त्या जनुकाची धड प्रत तिच्यात नेऊन सोडावी आणि तिला पुन्हा शिस्तीत आणावे, हा विचार मुळात फार सरळ आहे. इतका सरळ, की तो ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो हाच : मग इतकी वर्षे लागली कशाला? या प्रश्नाचे उत्तरही सरळ आहे. जनुक हाती आले आहे. ते इच्छित स्थळी पोचवणारा भरवशाचा वाहक अद्याप हाती आलेला नाही. बियाणे कितीही कसदार असले, तरी ते ओलीवर पडावयाचे की कोरड्या ढेकळांत, हे तिफणीवर अवलंबून असते. जनुकोपचाराचे घोडे या तिफणीपाशी अडले आहे.

हा वाहक विषाणूचा असावा की प्रयोगशाळेत जोडलेल्या रासायनिक साखळीचा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ तज्ज्ञांच्या परिषदांत चर्चिला जाण्याजोगा वाटतो. वस्तुतः तो तसा नाही. वाहकाच्या निवडीबरोबर औषधाची किंमत ठरते, ते साठवण्याची सोय ठरते, ते देण्यासाठी कोणत्या दर्जाचे रुग्णालय लागेल हे ठरते, आणि पर्यायाने ते कोणाच्या वाट्याला येणार हेही ठरून जाते. म्हणून या प्रश्नाचा विचार मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळांत जसा व्हावयास हवा, तसाच तो बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्ड्यासारख्या गावात उभे राहूनही झाला पाहिजे.

गावापासून परळपर्यंत

सिंदखेड राजा तालुक्यातील साखरखेर्डा हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना १७२४ च्या लढाईमुळे ठाऊक आहे. निजाम-उल्-मुल्काने मुबारिजखानाचा येथे पराभव केला आणि दख्खनमधील निजामाच्या स्वतंत्र सत्तेचा पाया पक्का झाला. आज हा मुलूख कपाशी-सोयाबीनच्या शेतीचा आहे. सिंदखेड राजा आणि मेहकर या तालुक्यांतून जाणारा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्णत्वास गेला आणि मुंबई काही तासांच्या अंतरावर आली. परंतु आजारी माणसाचे अंतर केवळ तासांत मोजून चालत नाही. तोंडातला न भरणारा व्रण घेऊन निघालेल्या कास्तकाराला आधी चिखली किंवा मेहकर, मग छत्रपती संभाजीनगर, अकोला किंवा नागपूर, आणि अखेरीस परळचे टाटा स्मारक रुग्णालय, अशी पायरीपायरीने वाट काढावी लागते. प्रत्येक पायरीवर त्याची मजुरी बुडते, सोबत आलेल्याचीही बुडते, आणि तेवढ्या अवधीत व्रण आपले काम करीतच राहतो. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेमुळे शस्त्रक्रियेचा आणि औषधांचा मोठा भार हलका झाला, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही उपचाराचे केंद्र दूर असणे हा स्वतःच एक खर्च असतो आणि तो कोणत्याही योजनेच्या यादीत पूर्णपणे बसत नाही.

हा व्रण अपवादाने आढळणारा नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या वर्षात भारतात कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण होते. त्यांपैकी सुमारे १ लाख ४४ हजार जणांना ओठांचा व मुखाचा कर्करोग होता आणि या एका प्रकाराने सुमारे ८० हजार बळी घेतले. कारण सर्वांना ठाऊक आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करणारे आढळले. आणि एकूण प्रौढांपैकी २४.४ टक्के लोक धूर न काढता, म्हणजे चघळून, दाढेखाली धरून किंवा दातांना घासून तिचे सेवन करीत होते. गुटख्यावर राज्यात २०१२ मध्ये बंदी आली. तंबाखू-चुन्याची चिमूट, खर्रा आणि मिश्री मात्र रोजच्या व्यवहारात राहिली. कर्करोग जेव्हा गालाच्या आतल्या बाजूस उद्भवतो, तेव्हा तो बहुधा अशा सवयीच्या जागीच उद्भवतो.

या संबंधाचा शास्त्रीय पाठपुरावा महाराष्ट्रातच झाला, ही गोष्ट आज विस्मृतीत जाऊ लागली आहे. १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले तेव्हा तेथील विकृतिशास्त्राची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सांभाळली. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संस्थापक संचालक होते. तंबाखू ओढणे व चघळणे यांचा मुख-घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध दाखवणारा सांघवी, राव आणि खानोलकर यांचा निबंध १९५५ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच केंद्रात डॉ. कमल रणदिवे यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली आणि जिवंत पेशी काचेच्या भांड्यात वाढवून त्यांचा अभ्यास करण्याची परंपरा येथे रुजवली. आज कोणत्याही जनुकवाहकाची पहिली परीक्षा होते ती अशाच भांड्यात.

सुटलेला लगाम

तंबाखूतील विषे पेशीत नेमके काय करतात, हे कळावयास आणखी काही दशके जावी लागली. १९७१ मध्ये अमेरिकेतील आल्फ्रेड नूडसन यांनी लहान मुलांच्या डोळ्यांतील एका कर्करोगाचा अभ्यास करून असा तर्क मांडला की, काही जनुके पेशीच्या वाढीला लगाम घालतात आणि त्यांच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या म्हणजे रोग होतो. १९८६ मध्ये त्या रोगाचे जनुक प्रत्यक्ष हाती आले आणि तर्काला आधार मिळाला. अशा जनुकांना अर्बुदरोधक, म्हणजे गाठ रोखणारी, जनुके म्हणतात.

यांतील सर्वांत प्रसिद्ध जनुक पी-५३ या प्रथिनाचे. १९७९ मध्ये हे प्रथिन सापडले तेव्हा ते कर्करोगाला चालना देणारे असावे असा समज झाला. धड स्थितीत ते नेमके उलट काम करते, हे स्पष्ट व्हावयास १९८९ साल उजाडले. पेशीतील डीएनएला इजा झाली की पी-५३ पेशीचे विभाजन थांबवते, दुरुस्तीला अवसर देते आणि दुरुस्ती होण्याजोगी नसेल तर त्या पेशीला मरण पत्करावयास लावते. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत हा पहारेकरी एकतर गैरहजर असतो किंवा फितूर झालेला असतो. तंबाखू चघळणाऱ्यांना होणाऱ्या गाल व हिरडीच्या कर्करोगाची जनुकीय तपासणी पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकविज्ञान संस्था आणि नवी मुंबईत खारघर येथे असलेले टाटा स्मारकाचे संशोधन केंद्र यांनी मिळून केली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. बिघडलेल्या जनुकांच्या यादीत पी-५३ चे जनुक अग्रभागी होते.

म्हणजे शत्रूची वाट माहीत आहे आणि पहारेकऱ्याची धड प्रतही प्रयोगशाळेत हवी तेवढी तयार करता येते. जिवाणूंच्या पेशींत वाढवलेल्या डीएनएच्या वर्तुळाकार धाग्यात, म्हणजे प्लाझ्मिडात, हे जनुक बसवणे आता नित्याचे काम आहे. उरतो तो प्रश्न पोचवण्याचा.

विषाणूच्या खांद्यावरून

पेशीत शिरून आपले जनुक तेथे सोडणे हा विषाणूचा जन्मसिद्ध धंदा आहे. तेव्हा त्याचे विषारी दात काढून त्याच्याच पाठीवर औषधी जनुक लादावे, ही कल्पना प्रथम सुचावी यात नवल नाही. चीनने २००३ मध्ये अशा प्रकारच्या औषधाला मान्यता दिली. सर्दी-पडशाच्या जातीतल्या अ‍ॅडिनोविषाणूतून पी-५३ चे जनुक डोके व मानेच्या कर्करोगाच्या गाठीत टोचावयाचे आणि जोडीला किरणोपचार द्यावयाचा, अशी ती पद्धत होती. अमेरिकेत मात्र त्याच धर्तीच्या औषधाचा अर्ज तेथील अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये विचारार्थ दाखलही करून घेतला नाही.

विषाणूचा मार्ग जवळचा असला तरी निर्धोक नाही. १९९९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील चाचणीत अ‍ॅडिनोविषाणूमार्फत जनुक दिलेला जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा तरुण शरीराच्या तीव्र प्रतिकारामुळे दगावला. त्यानंतर पॅरिसमध्ये जन्मजात प्रतिकारशून्यतेवर दुसऱ्या जातीच्या विषाणूने उपचार केलेल्या मुलांपैकी काहींना रक्ताचा कर्करोग झाला. जनुक नको त्या ठिकाणी जाऊन बसल्याचा तो परिणाम होता. पुढे विषाणूवाहकांत पुष्कळ सुधारणा झाल्या आणि काही दुर्धर रोगांवर त्यांनी खरोखर गुण दिला. तथापि दोन अडचणी राहिल्याच. एक म्हणजे, शरीर विषाणूला ओळखून ठेवते, म्हणून तीच मात्रा पुन्हा देणे कठीण होते. दुसरी म्हणजे, असे विषाणू जिवंत पेशींत वाढवून, शुद्ध करून, पारखून घ्यावे लागतात आणि हा कारखाना अतिशय खर्चिक असतो.

या खर्चाचा अनुभव येथेही आला आहे. मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून तयार झालेल्या ‘नेक्सकार-१९’ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. रुग्णाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी बाहेर काढून, विषाणूवाहकाच्या साहाय्याने त्यांत नवे जनुक घालून, त्या पुन्हा शरीरात सोडावयाच्या, असा हा रक्ताच्या काही कर्करोगांवरील उपचार. परदेशातील किमतीच्या सुमारे एक-दशांश किमतीत तो येथे उपलब्ध झाला आणि या कर्तबगारीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण तो एक-दशांशही कित्येक लाखांच्या घरात जातो. ज्या घराचे वर्षाचे गणित सोयाबीनच्या भावावर बसते, त्या घराला कोटी आणि लाख यांतला फरक कागदावरच दिसतो.

बहुवारिकाची रीत

दुसरा मार्ग रसायनशास्त्राचा आहे. लहान रेणू एकामागून एक जोडून केलेल्या लांब साखळीला बहुवारिक किंवा बोलीभाषेत पॉलिमर म्हणतात. डीएनएच्या धाग्यावर ऋण विद्युत्भार असतो. धन भार असलेले बहुवारिक त्याच्याशी मिसळले की दोहोंचे एकमेकांना घट्ट धरणारे सूक्ष्म कण तयार होतात. कापूस गठाणीत दाबून बसवावा तसा डीएनएचा पसरट धागा या कणात आवळला जातो. कणाची जाडी सुमारे शंभर नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहाहजारावा भाग, इतकी असते. पेशीचे आवरण बाहेरून ऋण भाराचे असल्याने कण त्याला चिकटतो आणि पेशी त्याला एका पिशवीसारख्या पुटिकेत घेऊन आत ओढते.

खरी कसोटी येथून पुढे असते. ही पुटिका हळूहळू आम्ल होत जाते आणि अखेर पाचकरसांच्या भांडाराला जाऊन मिळते. तत्पूर्वी कण बाहेर निसटला नाही तर आतले जनुक पचून जाते. १९९५ मध्ये फ्रान्समधील जाँ-पॉल बेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, पॉलिएथिलिनइमाइन हे बहुवारिक या संकटातून वाट काढू शकते. कागद व चिकटद्रव्यांच्या उद्योगात वापरात असलेले हे द्रव्य पुटिकेतील आम्लता शोषून घेत राहते, त्यामुळे आत पाणी ओढले जाते आणि फुगलेली पुटिका फुटते, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. या स्पष्टीकरणाविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. द्रव्याच्या गुणाविषयी नाहीत. पुटिकेतून सुटलेल्या जनुकाला पुढे पेशीच्या केंद्रकात शिरावे लागते. केंद्रकाचे आवरण पेशी विभागताना तात्पुरते विरते, आणि कर्करोगाच्या पेशी तर वारंवार विभागतात. रोगाचा हा दुर्गुणच येथे उपचाराच्या कामी येतो.

या रीतीचे लाभ उघड आहेत. बहुवारिकात विषाणूचा अंश नसतो, म्हणून शरीराला ओळखून ठेवण्याजोगे त्यात फारसे काही नसते आणि मात्रा पुन्हा देण्याची शक्यता राहते. त्यात जनुक केवढे असावे यावर विषाणूइतकी मर्यादा पडत नाही. ते रसायनशाळेत तयार होते, जिवंत पेशींच्या कारखान्यात नव्हे. योग्य ती साखर मिसळून, गोठवून सुकवले तर त्याच्या कणांची भुकटी करून ठेवण्याचीही शक्यता असते. ज्या मुलखात उन्हाळ्याचा पारा चाळिशी ओलांडतो आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, तेथे या शेवटच्या गुणाचे मोल पहिल्या तिन्हींपेक्षा कमी नाही.

तीस वर्षांचा हिशेब

इतके गुण असताना हे औषध मिळत का नाही? या प्रश्नाला बगल देऊन बहुवारिकांची स्तुती करणे अप्रामाणिकपणाचे होईल. बहुवारिकाच्या वाहनाने अर्बुदरोधक जनुक पोचवणारे एकही औषध आजवर रुग्णालयांच्या नित्य वापरात आलेले नाही. पॉलिएथिलिनइमाइनची साखळी जितकी लांब, तितकी ती जनुक पोचवण्यात तरबेज आणि तितकीच पेशीला घातक ठरते. शिवाय ती शरीरात सहज विघटित होत नाही. रक्तात सोडल्यास कणांवर प्रथिनांची पुटे चढतात, ते एकमेकांना चिकटतात आणि फुप्फुसांत किंवा यकृतात अडकून पडतात. कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळणारे कायटोसॅन सौम्य आहे, शरीरात विरघळून जाणारे आहे. पण पेशीत जनुक कार्यरत करण्यात ते मागे पडते. जो वाहक बलवान तो विषारी आणि जो निरुपद्रवी तो दुबळा, या पेचातून अद्याप पूर्ण सुटका झालेली नाही.

रुग्णांवरील चाचण्यांनीही आशा आणि निराशा दोन्ही दाखवल्या. कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये असे दाखवले की, बहुवारिकाच्या कणांतून रक्तात सोडलेला जनुकरोधी आरएनए माणसाच्या गाठीपर्यंत पोचून तेथे आपले काम करू शकतो. २०१८ मध्ये अमेरिकेतील एका गटाने पीटेन या अर्बुदरोधक जनुकाचा संदेशवाहक आरएनए बहुवारिकाच्या कणांतून देऊन उंदरांतील गाठींची वाढ रोखली. उलटपक्षी, मूत्राशयाच्या कर्करोगात पॉलिएथिलिनइमाइनच्या साहाय्याने पेशीमारक जनुक सोडण्याची इस्राएली कंपनीची चाचणी २०१९ मध्ये पुरेसा गुण दिसण्याची चिन्हे नसल्याने थांबवावी लागली.

पी-५३ चे स्वतःचेही एक दुखणे आहे. हे प्रथिन चार-चारांच्या जुडग्याने काम करते. पेशीत आधीचे बिघडलेले प्रथिन असेल तर ते नव्या जुडग्यात घुसून त्यालाही निकामी करू शकते. शिवाय एक घनसेंटिमीटरच्या गाठीत दहा कोटींपासून शंभर कोटींपर्यंत पेशी असू शकतात. त्यांतील प्रत्येकीपर्यंत पोचणे आज कोणत्याही वाहकाला शक्य नाही. म्हणून हा उपचार शस्त्रक्रियेची जागा घेईल असे म्हणणे धाडसाचे आहे. किरणोपचाराला आणि औषधांना पेशी अधिक संवेदनक्षम करणारा साथीदार, एवढीच त्याची भूमिका आज समजून चालले पाहिजे.

तरीही हे काम येथेच का?

या हिशेबावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, श्रीमंत राष्ट्रांना जे तीस वर्षांत साधले नाही त्यात आपण पैसा का घालावा? आक्षेप वजनदार आहे. परंतु त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती अशी की श्रीमंत राष्ट्रांनी आपल्या रोगाशी झुंज घेतली. तसे झालेले नाही. गाल-हिरडीचा कर्करोग हा त्यांच्या दृष्टीने मुख्य रोग नव्हे. तो भारतीय उपखंडाचा रोग आहे. आणि वाहकाच्या दृष्टीने पाहता तोच सर्वांत सोयीचा आहे. यकृतातील किंवा स्वादुपिंडातील गाठीपर्यंत पोचावयास वाहकाला रक्तातील सारी संकटे पार करावी लागतात. तोंडातील गाठ डोळ्यांना दिसते, बोटाला लागते, तिच्यात सुई थेट टोचता येते आणि परिणाम झाला की नाही हे पुन्हा पाहता येते. रक्तप्रवाहात निष्प्रभ ठरलेले बहुवारिक गाठीतच टोचले असता उपयोगी पडण्याचा संभव अधिक.

साधनसामग्रीही येथे नाही असे नाही. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेली आणि आज रसायन तंत्रज्ञान संस्था या नावाने ओळखली जाणारी माटुंग्याची संस्था औषधवाहकांवर काम करते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९५० पासून रसायनविद्येची आणि पुढे बहुवारिकशास्त्राची परंपरा आहे. खारघरला रोगाचे जनुकीय ज्ञान आहे आणि परळला रुग्ण व शल्यविशारद आहेत. करोनाच्या साथीत तर आणखी दोन गोष्टी सिद्ध झाल्या. अहमदाबादच्या झायडस कंपनीच्या प्लाझ्मिड डीएनएच्या लसीला ऑगस्ट २०२१ मध्ये आणीबाणीच्या वापराची मान्यता मिळाली. माणसांसाठी मान्यता मिळालेली ती जगातील पहिली डीएनए लस होती. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या आरएनए लसीला जून २०२२ मध्ये अशीच मान्यता मिळाली, आणि ती २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात, म्हणजे साध्या शीतकपाटात, ठेवता येण्याजोगी होती. विषाणूविना जनुकीय द्रव्य तयार करणे, ते टिकवणे आणि खेड्यापर्यंत नेणे या देशाला अशक्य नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? उणीव आहे ती या सुट्या धाग्यांचा पीळ एकत्र घालण्याची.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. ज्या गावात वेळेवर तोंड तपासले जात नाही, तेथे जनुकोपचाराची स्वप्ने दाखवणे म्हणजे भाकरीऐवजी पक्वान्नाचे वर्णन ऐकवणे नव्हे काय? या आक्षेपातील सत्य निर्विवाद आहे. केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन केवळ उजेडात तोंड तपासले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांतील मुखकर्करोगाचे मृत्यू त्यामुळे सुमारे ३४ टक्क्यांनी घटले. कोणत्याही बहुवारिकाने आजवर एवढे यश मिळवलेले नाही. महाराष्ट्रातही बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, आणि खेड्यातील कर्करोग मोजता येतो हे तिने दाखवून दिले. साखरखेर्ड्याच्या परिसरातील प्रत्येक तंबाखूसेवकाचे तोंड वर्षातून एकदा पाहिले जावे, ही मागणी जनुकोपचाराच्या मागणीपूर्वी केली पाहिजे.

परंतु या दोन मागण्यांत वैर नाही. तपासणीने रोग लवकर सापडेल. तरी शस्त्रक्रियेनंतर तो उलटणारे आणि पहिल्या उपचाराला दाद न देणारे रुग्ण उरणारच. त्यांना आज देण्याजोगे फार थोडे आहे. प्रतिबंधाच्या नावाखाली त्यांना वाऱ्यावर सोडणे हा न्याय नव्हे. आणि आज संशोधनाला हात घातला नाही, तर वीस वर्षांनी औषध येईल ते परदेशी पेटंटाच्या मोहोरेनिशी आणि परदेशी किमतीला, हेही विसरून चालणार नाही.

चार अटी

म्हणून शासनाने हे काम हाती घ्यावे; पण ते काही अटींवर. पहिली अट अशी की, ध्येय नेमके असावे. ‘कर्करोगावर विजय’ अशा घोषणेऐवजी गाल-हिरडीच्या उलटलेल्या कर्करोगात थेट टोचता येईल असा विघटनशील वाहक, एवढेच उद्दिष्ट ठेवावे आणि त्यासाठी रसायनशास्त्रज्ञ, जीवशास्त्रज्ञ व शल्यविशारद यांना दहा-पंधरा वर्षांची निश्चित साथ द्यावी. तीन वर्षांच्या अनुदानावर निबंध निघतात, औषधे निघत नाहीत.

दुसरी अट, वाहकाची परीक्षा काचेच्या भांड्यात आटोपू नये. भांड्यातील पेशींवर यशस्वी झालेल्या बहुवारिकांची संख्या अगणित आहे. त्यांतील बहुतेक सजीव शरीरात हरली. रुग्णाच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीच्या तुकड्यांवर ती लवकर पारखावीत आणि फसलेले प्रयोगही प्रसिद्ध करणे बंधनकारक करावे. सार्वजनिक पैशातून मिळालेले अपयश हीदेखील सार्वजनिक मालमत्ता आहे. ते लपवले तर दुसरा गट त्याच खड्ड्यात पुन्हा पैसा घालतो.

तिसरी अट किमतीची आणि साठवणुकीची. औषध तयार झाल्यावर ते स्वस्त कसे करावे याचा विचार करावयाचा, ही रीत उलटी आहे. जिल्हा रुग्णालयातील शीतकपाटात टिकेल, तेथील प्रशिक्षित डॉक्टर देऊ शकेल आणि जनआरोग्य योजनेच्या आवाक्यात बसेल, असा वाहक पहिल्या दिवसापासून शोधावा. जो यात बसत नाही तो कितीही चमकदार असला तरी बाजूस ठेवावा. ज्या संशोधनाला शासनाने पैसा पुरवला, त्यावरील हक्क विकताना किमतीवरचे बंधन हा कराराचा भाग असावा.

चौथी अट रुग्णाच्या सन्मानाची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ मध्ये जनुकोपचाराविषयी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. कागदावर ती पुरेशी काटेकोर आहेत. परंतु वऱ्हाडातील कास्तकाराला इंग्रजी छापील कागदावर अंगठा उठवावयास सांगितले तर त्या तत्त्वांचा अर्थ काय उरतो? हा प्रयोग आहे, यात गुण येईलच असे नाही आणि नकार दिल्याने नेहमीचा उपचार बंद होणार नाही, या तीन गोष्टी त्याला त्याच्या भाषेत, नातेवाइकांसमक्ष आणि सवडीने सांगितल्या गेल्या पाहिजेत. निराश माणसाची आशा ही बाजारातील सर्वांत सहज विकली जाणारी वस्तू असते. जनुकाचे नाव घेऊन तिचा व्यापार मांडणारे पुढे येतीलच. त्यांना आवर घालणे हा संशोधनाला उत्तेजन देण्याइतकाच शासनाच्या कर्तव्याचा भाग आहे.

देशातील तंबाखू चघळणाऱ्या रुग्णांच्या गाठींतून या रोगाचे ज्ञान मिळाले. त्या रुग्णांनी दिलेल्या ऊतींच्या तुकड्यांवर निबंध प्रसिद्ध झाले, पदव्या मिळाल्या, संस्थांचे नाव झाले. त्यात गैर काही नाही. शास्त्र असेच वाढते. पण ज्यांच्याकडून ज्ञान घेतले त्यांच्यापर्यंत उपचार पोचवणे हे त्या ज्ञानाचे ऋण आहे. बहुवारिकाचा कण पेशीच्या आवरणाशी येऊन थांबला तर जनुक वाया जाते, हे शास्त्रज्ञ जाणतात. औषध महानगराच्या वेशीशी येऊन थांबले तर शास्त्र वाया जाते, हे राज्यकर्त्यांनी जाणले पाहिजे. वाहकाची किंमत तो किती दूर निघाला यावर नव्हे, तर तो कोठे पोचला यावर ठरावी.